वहीत ठेवलेली आठवण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी कागद हातात घेऊन बोलायला बसले आहे. सव्वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण वर्गात कागद कधी लागला नाही. फुलाचे भाग असोत की विजेचे परिपथ, खडू हातात घेतला की धडा आपोआप पुढे सरकायचा. आता कागद लागतो. आजचा विषयही तोच आहे. ल्युपस नावाच्या आजारात माणसाला विसरायला का होते आणि त्यावर काय करता येते, हे मला सांगायचे आहे. मी डॉक्टर नाही. हा आजार मला स्वतःला आहे. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि वाचून जे पक्के झाले, तेवढेच सांगते.

२००६ साली विदर्भात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. आमच्या वर्धा जिल्ह्यातही घरोघरी माणसे गुडघे धरून बसली होती. त्याच सुमारास माझी बोटे सकाळी वळेनाशी झाली, अंगात बारीक ताप राहू लागला. सगळ्यांनी चिकुनगुनियाच म्हटले, मीही म्हटले. शेजारच्या काकूंचे सांधे दिवाळीपर्यंत मोकळे झाले. माझे झाले नाहीत. केस झडू लागले, तोंडात फोड येऊ लागले, नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरला. उन्हाने भाजले असेल म्हणून मी त्यावर कोरफड लावत राहिले. ल्युपसचे निदान व्हायला दीड वर्ष गेले.

हा आजार आहे तरी काय? आपल्याकडे म्हण आहे, कुंपणानेच शेत खाल्ले. रोगजंतूंना अडवण्यासाठी शरीराने प्रतिकारशक्तीचे कुंपण घातलेले असते. ल्युपसमध्ये हीच शक्ती घरच्या पेशींना परके समजून त्यांच्यावर उलटते. कुणाचे सांधे धरते, कुणाची कातडी, कुणाची मूत्रपिंडे, कुणाचे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे आवरण, तर कुणाचा मेंदू. ल्युपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्याने चावा घेतल्यासारख्या दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले, असे सांगतात. पुढे १८७२ साली व्हिएन्नाच्या मॉरिट्झ कापोसी यांनी हा नुसता कातडीचा आजार नाही, आतल्या अवयवांनाही तो धरतो, हे लिहून ठेवले.

दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे शिकण्याच्या, संसाराच्या, कामाच्या वयातल्या. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो कर्करोग नव्हे आणि कुणाच्या पापाचे फळही नव्हे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेली एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख होती. त्या प्रमाणाने आपल्या जिल्ह्यात चाळीसएक रुग्ण निघतील. दुसऱ्या भागातल्या आकड्यावरून केलेला हा हिशेब आहे, तेव्हा तो ढोबळच धरा. पण चाळीस म्हणजे माझ्या शाळेतला एक अख्खा वर्ग. त्यातल्या कितीजणींना आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक असेल, हा विचार मला अनेकदा छळतो.

कारण आपल्याकडे हा आजार लपायला जागा पुष्कळ आहेत. सांधे दुखले की वात. रक्त कमी झाले की बाईमाणसाला तसे असतेच. ताप हटत नसेल तर क्षयाची शंका. शिवाय विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यातही सांधे दुखतात आणि रक्त कमी होते. चेहरा लाल झाला तर ऊन. आणि ऊन हे नुसते निमित्त नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ल्युपस खरोखरच चाळवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. निंदण आणि कापूसवेचणी करणाऱ्या बाईचा तर सारा दिवसच उन्हात जातो. जागतिक ल्युपस दिन १० मे रोजी, म्हणजे नेमका आमच्या भर उन्हाळ्यात येतो, हाही एक योगायोगच.

आता मुख्य विषयाकडे येते. निदान झाले, औषधे सुरू झाली, सांधे बरेच मोकळे झाले. आणि एक दिवस आठवीच्या वर्गात, पानात अन्न कसे तयार होते हे समजावताना, त्या क्रियेचे नावच मला आठवेना. फळ्याकडे तोंड करून मी उभी राहिले. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, प्रकाशसंश्लेषण." मुले हसली, मीही हसले. पण त्याच आठवड्यात गुणपत्रकातल्या बेरजा दोनदा चुकल्या. दूध गॅसवर ठेवून मी शेजारी गेले. मालकांनी सांगितलेला निरोप पोचवायचा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, आताच त सांगतलं होतं न तुले!" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण घरात मी निष्काळजी ठरू लागले होते आणि मला स्वतःलाही तेच वाटू लागले होते. वय तेव्हा चाळिशीच्या आतले. मनात सारखे यायचे, हे वेड लागण्याचे पहिले लक्षण तर नाही ना?

तसे नव्हते. ल्युपसमधले विस्मरण हे म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशासारखे नसते. नवऱ्याचे नाव, गावाचा रस्ता, पाढे हे सगळे जागेवर असते. अडते ते दुसरीकडेच. लक्ष एका ठिकाणी टिकत नाही. विचाराची गती मंदावते. बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. दोन कामे एकाच वेळी डोक्यात धरता येत नाहीत. नवी गोष्ट नीट मनात शिरलेलीच नसते, मग ती आठवणार कशी? इंग्रजीत याला फॉग म्हणतात. आपण धुके म्हणू. पौषातल्या सकाळी धाम नदीकाठी धुके असते, तेव्हा झाडे तिथेच असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. तसेच हे.

ही तक्रार नवी नाही आणि काल्पनिकही नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपसमध्ये मेंदू आणि मज्जातंतूंचे एकूण १९ प्रकारचे त्रास होऊ शकतात, अशी यादी केली. त्यात फीट, पक्षाघात, मनोविकार यांच्याबरोबर स्मरण आणि एकाग्रतेतला हा बिघाडही आहे. तो किती जणांना होतो? तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण ढोबळ मानाने तिघांतल्या एकाला तरी होतो असे धरायला हरकत नाही. दिलाशाची गोष्ट अशी की बहुतेकांमध्ये तो वर्षागणिक वाढतच जातो असे नाही. तो कमीजास्त होतो किंवा आहे तिथेच थांबतो.

असे का होते? कारण एकच नसते. पहिले कारण खुद्द आजाराचे. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. न्यूयॉर्कच्या डॉक्टर बेटी डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की यातली काही प्रतिपिंडे मेंदूतल्या चेतापेशींनाही जाऊन चिकटू शकतात. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक पडदा ठेवला आहे. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की उंदरांच्या रक्तात ही प्रतिपिंडे असूनही मेंदू शाबूत राहिला. जिवाणूंच्या विषाने तो पडदा सैल केला, तेव्हा मात्र प्रतिपिंडे आत शिरली आणि आठवणी साठवणाऱ्या भागातल्या पेशी मेल्या. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रानडुकरे धुऱ्यापलीकडे रोजच असतात. जाळीला भोक पडले की पीक जाते. उंदरांचे सगळेच माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही, पण ल्युपसच्या रुग्णाने साधा जंतुसंसर्गही अंगावर का काढू नये, याचे एक कारण यातून कळते.

दुसरे कारण रक्ताच्या गुठळ्यांचे. काही रुग्णांमध्ये रक्त लवकर गोठवणारी प्रतिपिंडे असतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊ शकतात. ज्या बाईचे गर्भ वारंवार पडले आहेत किंवा पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली आहे, तिने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी असते आणि उपचारही वेगळे असतात.

तिसरे कारण औषधांचे. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप उडते, मन कधी फार उत्साही तर कधी फार चिडचिडे होते आणि एकाग्रता बिघडते. चौथे कारण मनाचे आणि थकव्याचे. सतत दुखणे, अपुरी झोप आणि नैराश्य यांनी निरोगी माणसाचेही लक्ष उडते. पाचवा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर उपाय आहेत. रक्त कमी असणे, थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडांचे काम मंदावणे, रक्तदाब वाढणे. यातले काहीही ल्युपसच्या आडून मेंदूवर धुके आणू शकते. म्हणून सगळे खापर आधी ल्युपसवर न फोडता या तपासण्या करून घ्याव्यात. माझेच हिमोग्लोबिन तेव्हा आठवर आले होते. ते वाढले आणि निम्मे धुके विरले.

इथे मी केलेली एक चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणी करू नये. स्टेरॉइडने स्मरण बिघडते, एवढे अर्धेच वाक्य माझ्या कानावर आले. विज्ञान शिकवणारी मी, पण दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या आणि कुणाला सांगितलेही नाही. दोन आठवड्यांच्या आत अंगात उभे राहण्याचे त्राण उरले नाही. पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला. दवाखान्यात नेले तेव्हा लघवीतून प्रथिने जात होती. ल्युपसने मूत्रपिंड धरले होते. डॉक्टरांनी समजावले ते असे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते. मग गोळी एकदम बंद झाली की शरीराजवळ काहीच उरत नाही आणि तिकडे आजारही मोकाट सुटतो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनीच आणि पायरी पायरीने. आणि गंमत पाहा, ज्या स्मरणासाठी मी हे केले, ते त्या तीन महिन्यांत पूर्वीपेक्षाही वाईट झाले.

विस्मरणाची तपासणी कशी करतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रक्त आणि लघवी तपासतात, गरज वाटल्यास मेंदूचा एमआरआय काढतात. तो स्वच्छ आला तरी तक्रार खोटी ठरत नाही. खरी परीक्षा प्रश्नोत्तरांची. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात, घड्याळ काढायला लावतात, शंभरातून सात सात वजा करायला सांगतात. आता शाळेत न गेलेल्या माउलीला वजाबाकी आली नाही, म्हणजे तिचा मेंदू बिघडला असे नव्हे. ही अडचण ओळखून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली होती. अशा वेळी घरच्यांचे सांगणे फार उपयोगी पडते. पूर्वी ही बाई बाजाराचा हिशेब तोंडी करत होती आणि आता चुकते, एवढे एक वाक्यही डॉक्टरांना पुरे होते. तपासणीला जाताना घरचे माणूस बरोबर न्या.

उपचारांबद्दल थोडे. हे विस्मरण घालवणारी एखादी जादूची गोळी नाही. आजार आटोक्यात ठेवणे हाच पाया. त्यातले मुख्य औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हिवतापावरच्या औषधांच्या घराण्यातले हे औषध. २०२० साली कोविडच्या गोंधळात सगळ्या जगाने ते मागितले, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना काय वाटले असेल याची कल्पना करा. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. मूत्रपिंड किंवा मेंदूला धोका असेल तर आणखी जोरकस औषधे देतात. ऊन टाळायचे. आमच्याकडच्या मुली गाडीवर जाताना तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, तो ल्युपसवालीने बारा महिने गुंडाळावा. रोज थोडे चालावे, तेही सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. झोप पुरी घ्यावी.

बाकीचे शहाणपण घरगुती आहे. माझी एकच वही असते, दोन नाहीत. दोन वह्या झाल्या की कशात लिहिले तेच विसरते. गोळ्यांसाठी सात दिवसांचे सात कप्पे असलेली डबी. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, मनाशी वाद घालायचा नाही. किल्ल्या दारामागच्या खिळ्यालाच. गॅसवर काही ठेवले की स्वयंपाकघर सोडायचे नाही, सोडलेच तर मोबाइलचा गजर लावून. बँकेची, हिशेबाची कामे सकाळी, डोके ताजे असताना. कुणी निरोप सांगितला की तो त्याच्यासमोर एकदा म्हणून दाखवायचा. आणि एका वेळी एकच काम. वर्गात मी फळ्याच्या कोपऱ्यात आधीच पाच शब्द लिहून ठेवू लागले. मुलांना वाटायचे, बाई आज शिकवायचे मुद्दे लिहितात. ते माझ्यासाठी असायचे.

मुख्याध्यापकांना सांगावे की नाही, यावर घरात बरेच बोलणे झाले. नोकरीवर बालंट येईल अशी भीती होती. शेवटी मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले आणि निकालपत्रकाच्या बेरजा दुसऱ्याकडून तपासून घ्यायची परवानगी मागितली. ती मिळाली. सगळ्यांनाच अशी मिळेल असे मी म्हणत नाही. पण लपवून चुका करण्यापेक्षा सांगून मदत मागणे मला सोपे गेले.

आता एक गोष्ट नीट लक्ष देऊन ऐका. रोजचे विसरणे वेगळे आणि अचानक आलेला गोंधळ वेगळा. ल्युपसच्या रुग्णाला फीट आली, बोलणे जड झाले, तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय एका बाजूने लुळा पडला, कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, तापात बरळणे सुरू झाले, किंवा नसलेली माणसे दिसू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या. खेड्यात अशा वेळी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे दिवस जातात. ही बाधा आतलीच असते आणि तिला औषध आहे. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की १९६९ साली डॉक्टर सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथले कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय, ही दोन्ही वर्धा शहराच्या जवळच आहेत.

घरच्यांसाठी शेवटचे. "लक्ष कुठे असते तुझे?" हा प्रश्न विचारू नका. लक्ष कुठे असते हे तिलाही कळत नसते आणि त्याच लाजेने ती बोलणे सोडते. त्यापेक्षा निरोप लिहून द्या. आमच्या घरी हे सासूबाईंनीच सुरू केले. त्यांना लिहिता येत नव्हते. बाजारातून लिंबू आणायचे असले की त्या माझ्या पिशवीत एक सुकलेले लिंबू टाकून ठेवायच्या, मीठ हवे असले की मिठाची रिकामी पुडी. त्यांचा एकही जिन्नस माझ्याकडून राहिला नाही.

मागे एकदा शाळेत एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली होती. रोजीने निंदणाला जाणारी बाई. गालांवर तसाच लाल चट्टा, बोटे सुजलेली. मुलीचे नाव सांगून आली आणि वर्ग विचारला तर गडबडली. मी तिला काही निदान सांगितले नाही, ते माझे काम नव्हे. वहीतले एक पान फाडून त्यावर तिचे त्रास क्रमाने लिहिले, कधीपासून ते लिहिले आणि म्हटले, "हा कागद सेवाग्रामला नेऊन दाखवा, बाई. काही सांगायचं विसरलं तरी यात आहे." ती गेली. आपल्या आसपास अशी कुणी दिसली, तर तिलाही एक कागद लिहून द्या, एवढेच मागणे आहे.